घुमणारी भिंत

“ताई, हॉल लई घुमतोय बघा.” शाळेत नाटकं बसवणारे भुजबली सर नव्या स्टेजवर टाळी वाजवून म्हणाले होते.

करिष्मा तेव्हा वरच्या दिव्यांकडं बघत होती. “मग बरंच की सर. मागच्या बाकापर्यंत जाईल.”

“जातोय, पण परत येतोय. ते जुने पडदे तरी लावूया मागं.”

“ते कळकट पडदे? फोटोत काय दिसंल?”

सरांनी पडदे विंगेत रचून ठेवले. घुमणं म्हणजे आवाज भरून राहणं, एवढंच करिष्माला ठाऊक. स्टेजमागची भिंत पांढऱ्या गुळगुळीत फरशीची करायचा आग्रह पालक समितीत तिचाच होता. बी.कॉम. झालेली, साध्या गोष्टीचाही धसका घेणारी बाई. लेकीच्या डब्यातली भेंडीही अळीच्या भीतीनं उजेडात धरून बघायची. त्या भिंतीत मात्र तिला उजेडच तेवढा दिसला.

लेक पारमिता तिसरीत. बोलताना अडखळायची. पण आजीची नक्कल करायला लागली की जीभ सरळ धावायची. आजी म्हणजे सुलाबाई, करिष्माच्या सासूबाई; ती त्यांना आत्या म्हणायची. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळता चाळता त्यांची उमर गेलेली. सरांनी त्यांच्याच बोलण्याची नाट्यछटा पारमिताला बसवून दिली. वर्गातल्या तालमीत पोरगी एकदाही अडली नाही. करिष्मा घरी येऊन देवळीतल्या बुद्धमूर्तीपुढं कितीतरी वेळ बसून राहिली होती.

स्टेजवरच्या तालमीनंतर मात्र पारमिता म्हणाली, “मम्मी, तिथं माझंच बोलणं माझ्याकडं परत येतंय. मग पुढचं सुचंना.”

“भ्यालीयास गं. जरा पुढं येऊन बोलायचं.”

“पुढं अंधार हाय.”

तो होताच. स्टेज पुढं वाढवलं, पण दिव्यांची दांडी जुन्या जागीच राहिली होती.

गॅदरिंगला सुलाबाई ठेवणीतलं इरकल नेसून निपाणीहून आल्या. शेजारणीला म्हणाल्या, “नात माजं सोंग घेणार हाय. माज्यापरास बरी दिसंल.”

पारमिता कमरेला पदर खोचून उभी राहिली. “ए भवाने, चाळण हिकडं आण,” म्हणाली आणि लोक हसले. तिचे शब्द भिंतीवर आपटून परत आले, पुढच्या शब्दांवर पडले. ती गोंधळून पुढं सरकली. तोंड अंधारात गेलं. मागून कुणीतरी म्हणालं, “दिसंना की गं.” ती मागं गेली, तर भिंतीच्या फरशीवरचा झगझगाट डोळ्यांत आणि आवाज पुन्हा अंगावर.

“चा... चा...” पुढचं वाक्य तिथंच अडलं.

करिष्मा मोबाईल धरून पुढच्या रांगेत बसलेली. लेकीची फजिती झाकावी म्हणून तिनंच पहिली टाळी वाजवली. सगळ्या हॉलनं वाजवल्या. त्याही घुमल्या. पारमिता विंगेत पळाली.

करिष्मा उठतेय तोच माईकवर तिचं नाव पुकारलं. स्टेजसाठी झटल्याबद्दल सत्कार होता.

“पोरीकडं जा अगुदर,” सुलाबाई म्हणाल्या.

“आलेच आत्या. फोटो झाला की.”

शाल पांघरून, पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढं तिनं फोटो काढून घेतला. फोटो छान आला.

सुलाबाईच गुडघे धरत विंगेत गेल्या. कोपऱ्यात जुने काळे पडदे रचून ठेवले होते. पारमिता त्यांत गळ्यापर्यंत शिरून बसलेली. त्यांना बघून हळूच म्हणाली, “आज्जी, हितं परत येत न्हाय.”

करिष्मा पोचली तेव्हा एवढंच तिच्या कानावर पडलं.

सुट्टीनंतर तेच पडदे भिंतीवर चढले. करिष्मानं ते घरी नेऊन स्वतः धुतले. नवी पोरं तिथं खणखणीत बोलतात. पारमिता विचारलं तेवढंच बोलते. आजीची नक्कल तर तिनं त्यानंतर केलीच नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात, पोरगी घुमी झाली. तो शब्द कानावर आला की करिष्मा हातातलं काम टाकून लेक कुठं आहे ते बघून येते.

भेटेल त्याला ती एक सांगते, तेच तुमच्यासाठीही. शाळेच्या कार्यक्रमात एखादं पोर मधेच थांबून आत गेलं, तर टाळ्या वाजवत बसू नका. जरा उठा, विंगेत जाऊन त्याला बघून या.