डाव्या कोपऱ्यातलं ठिगळ

मित्रांनो, मी एक जुनी, पायानं चालवायची शिलाई मशीन आहे. सकाळपासून माझं चाक थरथरतंय, तेव्हा सांगताना थोडं पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी सरळ होते. मग घर बदलताना हमालांच्या हातून जिन्यात पडले. तेव्हापासून कापडाच्या डाव्या कोपऱ्यावर माझी शिवण वाकडी जाते. तरी माझ्या मालकीणबाईंनी, ताईंनी, मला भंगारात दिलं नाही. त्या कापडी पिशव्या शिवायच्या आणि वाकडा कोपरा लाल त्रिकोणी ठिगळानं झाकायच्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्यांच्या सासूबाई हसायच्या. आणि गंमत बघा, लोकांना नेमकं ते ठिगळच आवडलं.

पिशव्या एका बड्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जायच्या. दुसरीकडे जाणार कुठे? बाकीची दुकानं त्या कंपनीनं केव्हाच गिळली होती. एके दिवशी मागण्या आटल्या. शोधलं तर आमची पिशवी पार तळाला, आणि सगळ्यात वर तशीच दुसरी, निम्म्या किमतीत, खुद्द कंपनीची! ताईंनी ती मागवली आणि माझ्यासमोर उघडली. मी हबकलेच. डावा कोपरा, लाल ठिगळ. ताईंनी ते उसवलं. खाली शिवण अगदी सरळ होती.

"मग यांना ठिगळ कशाला लागलं?" ताई म्हणाल्या. "काय खपतं ते दुकानदार म्हणून बघायचं, आणि मग आपणच शिवायचं?"

मोठ्या कंपन्यांच्या दांडगाईवर नजर ठेवणाऱ्या कार्यालयात ताईंनी तक्रार केली. कंपनीनं उलट कळवलं, "ठिगळाची कल्पना आमचीच." उद्या अधिकारी मला बघायला येणार आहेत. त्यांना पटलं नाही, तर ताईंचं काम कायमचं बंद.

आणि आज सकाळी सासूबाईंनी काय करावं? साहेब लोकांपुढे मशीन नीट दिसावी म्हणून मिस्त्रीला बोलावलं! ताई बाहेर गेल्या होत्या.

"आजी, पाच मिनिटांत सरळ शिवेल बघा," म्हणत त्यानं स्क्रू सैल केलासुद्धा. मला ओरडता येत नाही हो.

तेवढ्यात ताई दारात आल्या. हातातली बाजाराची पिशवी तिथेच टाकून त्यांनी माझ्या चाकावर हात ठेवला.

"थांबा दादा. आई, ती वाकडी शिवते म्हणून तर ठिगळ आपलं."

"अगं बाई, मी तर पुरावाच पुसायला निघाले होते!" सासूबाई म्हणाल्या. मिस्त्रीनं स्क्रू होता तसा आवळला. ताईंनी लगेच एक पिशवी शिवून पाहिली. कोपरा वाकडाच आला, आणि त्या रडायलाच लागल्या.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा. मला तेल घाला, माझी धूळ पुसा. फक्त उद्यापर्यंत कुणी मला सरळ करू नका.