पाहुण्यांना पंच्याऐंशी टक्के

रुग्णालयाच्या तळघरात एक खोली होती, तिथे ऑपरेशनची अवजारं धुतली जात, पुसली जात, कापडात बांधली जात आणि मोठ्या मशीनमध्ये वाफेवर निर्जंतुक होत. त्या खोलीच्या प्रमुख असलेल्या बाईंना सगळे ताई म्हणत. वय पन्नाशीच्या आत, नोकरीला तेवीस वर्षं. कात्रीचं पातं नुसतं उजेडात धरून ती आज कुठल्या थिएटरमधून आली हे ताई सांगत, आणि सहसा चुकत नसत.

त्या सोमवारी ट्रॉलीवर चढवलेला एक गठ्ठा ताईंनी सवयीने हाताने दाबून पाहिला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. कापड दमट होतं. दमट गठ्ठा म्हणजे बाहेरचे जंतू आत ओढून घेणारा गठ्ठा. तो वर जाता कामा नये, पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं, हा या खोलीतला पहिला धडा.

गठ्ठा चढवला होता शिवणवाल्या बाईंनी. महिन्याभरापूर्वी कामाला लागल्या होत्या. त्याआधी वीस वर्षं शिवणकाम केलेलं, त्यामुळे घडी अशी घालत की बघत राहावं.

"हा ओला लागला नाही तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"लागला ना. पण वर चिकटवलेल्या पट्टीचा रंग वाफेने बदलला होता. म्हटलं, रंग बदलला म्हणजे झालं."

"ऑनलाइन परीक्षा दिली होती ना तुम्ही? किती पडले?"

"वीसपैकी वीस," शिवणवाल्या बाई म्हणाल्या आणि मान खाली घातली.

ताईंना त्यांचा राग आला नाही. त्या बाईंनी काही लपवलं नव्हतं, कामचुकारपणा केला नव्हता. जे शिकवलं, ते त्या मनापासून शिकल्या होत्या. मग वीसपैकी वीस कसले, हा प्रश्न ताईंच्या डोक्यात घुसला तो दिवसभर निघेना.

दुपारी त्या चौथ्या मजल्यावर प्रशिक्षण अधिकाऱ्यांकडे गेल्या. हा तरुण माणूस, शर्टाला कायम इस्त्री, आणि बोलण्यात आकडे. अकरा रुग्णालयांचा मिळून तो ऑनलाइन कोर्स त्याच्याच देखरेखीखाली तयार झाला होता.

"ताई, अठ्ठ्याण्णव टक्के लोक पास होतात," तो म्हणाला. "वरचे लोक खूश आहेत. तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

"तीच. अठ्ठ्याण्णव टक्के."

त्याला ते कळलं नाही. ताईंनाही ते नीट सांगता येईना. शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, मला एक पासवर्ड द्या. आमच्या सासूबाईंना ही परीक्षा देऊ द्या."

"त्या नर्स होत्या का?"

"नाही. त्यांनी आयुष्यात इंजेक्शनकडे डोळे उघडून पाहिलेलं नाही."

तो हसला, पण पाहुण्यांसाठीचा पासवर्ड त्याने दिला.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय चहाला हात न लावणाऱ्या. संध्याकाळी सुनेने लॅपटॉप समोर ठेवला, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला, मग खुर्ची पुढे ओढली.

"कशाची परीक्षा आहे गं?"

"आमच्या कामाची. तुम्हाला काही येणार नाही आई, पण द्या."

"येणार नाही म्हणालीस ना, मग आता देतेच."

अकरा मिनिटांत परीक्षा संपली. पडद्यावर फुगे उडाले. वीसपैकी सतरा. पंच्याऐंशी टक्के. खाली प्रमाणपत्र: 'पाहुणे यांनी निर्जंतुकीकरण अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला आहे.'

ताई बघतच राहिल्या. "आई, हे कसं केलंत?"

"अगं सोपं आहे. चार उत्तरांत जे सगळ्यात लांबलचक, ते बरोबर. खऱ्या उत्तराला माणूस जपून लिहितो, खोटी उत्तरं उरकून टाकतो. 'कधीच नाही' आणि 'नेहमीच' असलं की ते सोडून द्यायचं. 'वरील सर्व' दिसलं की डोळे मिटून दाबायचं. आणि तो सहावा प्रश्न, त्याचं उत्तर तर तुमच्याच लोकांनी अकराव्यात लिहून ठेवलंय. मी मागे जाऊन सुधारलं."

"आणि चुकलेले तीन?"

"तिथे चारही उत्तरं सारखीच शहाणी दिसत होती," सासूबाई जरा नाराजीने म्हणाल्या. "ते तीन प्रश्न कोणीतरी चांगले लिहिलेत."

दुसऱ्या दिवशी ताईंनी प्रमाणपत्र छापून प्रशिक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवलं आणि सासूबाईंचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. त्याने प्रमाणपत्र दोनदा वाचलं. मग कॉम्प्युटरवर एकेक प्रश्न उघडून पाहत गेला. सहावा. अकरावा. वीसपैकी सात प्रश्नांत 'वरील सर्व', आणि सातही वेळा तेच बरोबर. त्याचे कान लाल झाले.

"हे मीच लिहिलेत," तो म्हणाला. त्याने ते कबूल केलं, तेव्हाच ताईंना तो माणूस आवडला. "मला तुमचं काम येत नाही, ताई. पुस्तक समोर ठेवून लिहिले. आता तुम्ही लिहा."

"मी? मी बारावी आहे, साहेब. मी रजेच्या अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही."

"मग तुम्ही सांगा, मी टाइप करतो. पण लिहायचं तुम्हीच."

ताईंचे पहिले वीस प्रश्न साफ फसले. त्यांनी ठरवलं होतं की असे कठीण लिहायचे की सासूबाईंच्या तोंडाला फेस आला पाहिजे. तो आलाही. पण शिवणवाल्या बाईंनी तिसऱ्याच प्रश्नाला हात टेकले. प्रश्न होता, 'खालीलपैकी कोणती कृती अयोग्य नाही असे म्हणता येणार नाही?'

"ताई, काम मला येतं हो," त्या म्हणाल्या. "पण यात नक्की विचारलंय काय, तेच कळत नाही."

ताईंनी स्वतःचाच प्रश्न पुन्हा वाचला. त्यांनाही कळला नाही. वीसच्या वीस प्रश्न त्यांनी फाडून टाकले.

अवघड काम असावं, वाक्य नव्हे, एवढं त्या दिवशी कळलं. पण खोटी उत्तरं आणायची कुठून? सासूबाई म्हणाल्या तसं, खोटं उत्तरही शहाणं दिसायला हवं. आणि शहाणी दिसणारी चूक डोक्यातून काढता येत नाही, ती कोणीतरी खरोखर केलेली असावी लागते.

म्हणून दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ताईंनी खोलीतल्या नऊही माणसांना विचारलं, "नवीन होतात तेव्हा तुमचं काय चुकलं होतं?"

एकाने कपात पाहिलं, एकीने छताकडे. खोलीतले सगळ्यांत जुने कर्मचारी, ज्यांना सगळे मामा म्हणत आणि ज्यांना निवृत्तीला वर्ष उरलं होतं, ते तर कप ठेवून उठायलाच लागले.

"मी सांगते माझं आधी," ताई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात मी चाळीस चिमटे बंद करून, खटका लावून मशीनमध्ये टाकले. म्हटलं, नीटनेटके दिसतात. बंद चिमट्याच्या फटीत वाफ जातच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चाळीसही पुन्हा पहिल्यापासून करावे लागले आणि ऑपरेशन दोन तास पुढे गेलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते."

मामा परत बसले. "मी गठ्ठे एकावर एक रचले होते," ते घसा साफ करत म्हणाले. "ठासून. जागा वाचेल म्हणून. मधले सगळे कच्चे राहिले." मग बांध फुटावा तसं झालं. एकाने गरम गठ्ठे थंड फरशीवर ठेवले होते, ते खालून ओले झाले. एकीने पट्टीचा रंग पाहून मशीनमधून छापून येणारा तापमानाचा कागद बघितलाच नव्हता. शिवणवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "आणि मी रंग पाहून ओला गठ्ठा चढवला." चहा थंड झाला, पण ताईंच्या वहीत एकतीस चुका जमल्या. एकतीसच्या एकतीस चांगल्या हेतूने केलेल्या, म्हणूनच मोहात पाडणाऱ्या.

पुढचे पाच आठवडे रोज दुपारचा एक तास चौथ्या मजल्यावर गेला. ताई प्रसंग सांगत आणि अधिकारी टाइप करी. 'थिएटरमधून घाईचा फोन आला आहे. गठ्ठा मशीनमधून आत्ताच निघाला आहे, पट्टीचा रंग बदलला आहे, पण कापड हाताला दमट लागते. तुम्ही काय कराल?' खाली चार उत्तरं, चारही सारख्या लांबीची, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे कोणीतरी खरा माणूस उभा. चुकीचं उत्तर दाबलं की ते का चूक, तेही दोन ओळींत दिसे.

संध्याकाळी तयार प्रश्न सासूबाईंसमोर जात. त्यांनी नुसत्या शब्दांवरून बरोबर उत्तर ओळखलं की तो प्रश्न बाद.

"याचं व्याकरण बघ," त्या एकदा म्हणाल्या. "प्रश्नात 'ठेवावी' आहे, आणि चारांतल्या एकाच उत्तरात स्त्रीलिंगी वस्तू आहे. मला मशीन कशाला कळायला हवं?" असे चौदा प्रश्न गळाले. ताईंनी एकदाही कुरकुर केली नाही. उलट एखादा प्रश्न टिकला आणि सासूबाई चष्मा काढून "जा बाई, हा नाही येत" म्हणाल्या, की ताईंना जेवण गोड लागे.

चाचणीच्या दिवशी वरच्या सभागृहात तीन रुग्णालयांतली साठ माणसं बसली. जुनी तीस, नवी तीस. संचालक बाई स्वतः हजर होत्या, कमी बोलणाऱ्या आणि सगळं टिपून ठेवणाऱ्या. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

तासाभरात निकाल आला. नव्यांचा सरासरी आकडा वीसपैकी आठ. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"सरासरी पंच्याण्णव टक्क्यांवरून चाळीसवर आलो आपण," संचालक बाई म्हणाल्या. "हे मी वर काय सांगू?"

ताई काही बोलण्याआधीच प्रशिक्षण अधिकारी उठला. "मॅडम, जुन्यांचाही आकडा बघा. सरासरी अठरा. मागच्या परीक्षेत नव्यांची सरासरी एकोणीस होती आणि जुन्यांचीही एकोणीस. ती परीक्षा माणूस ओळखतच नव्हती. ही ओळखते."

"आणि घरबसल्या एका पाहुण्यांनी दिली," ताईंनी जोडलं. "जुन्या परीक्षेत सतरा मिळवलेल्या. या वेळी पाच."

संचालक बाईंनी निकालाचा कागद बाजूला ठेवला. मग समोरचा लॅपटॉप ओढला आणि सगळ्यांदेखत परीक्षा द्यायला बसल्या. वीस मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

"सहा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना हसताना कोणी फारसं पाहिलं नव्हतं. "अकराही ठिकाणी हीच लावा. नव्यांना महिनाभर कामावर शिकवा, मग पुन्हा परीक्षा घ्या."

मागच्या रांगेतून मामांनी हात वर केला. त्यांना एकोणीस पडले होते आणि चुकलेल्या एका उत्तराबद्दल 'माझंच बरोबर' अशी त्यांची तक्रार होती. सतराव्या प्रश्नात मशीनचं नवं मॉडेल धरलंय, जुन्या मॉडेलला त्यांचंच उत्तर लागू पडतं. ताईंनी प्रश्न वाचला, क्षणभर विचार केला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मामांचं बरोबर आहे. प्रश्न मी बदलते." मामा असे ताठ बसले की शेजारच्याला सरकावं लागलं.

महिन्याभराने नव्यांची परीक्षा झाली, सरासरी सतरा. शिवणवाल्या बाईंना अठरा पडले आणि या वेळी त्यांची मान वर होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयातून ताईंना एका सर्जनचं पत्र आलं. सकाळी मशीन रिकामं चालवून चाचणीचा कागद बघायचा असतो. तो सगळीकडे सारखा रंगला नाही, तर आत हवा अडकते आहे आणि वाफ सगळीकडे पोचत नाही, म्हणून मशीन वापरायचं नाही. तिथल्या नव्या कर्मचारी बाईला कागदाच्या मधोमध फिकट डाग दिसला. सर्जन खाली येऊन तिच्यावर तापले, पेशंट टेबलावर घ्यायचा होता. ती जागची हलली नाही. म्हणाली, परीक्षेत पहिल्यांदा मी हेच चुकले होते, आता चुकणार नाही. मशीन उघडलं तेव्हा दाराचं रबर फाटलेलं निघालं. 'माझा आवाज चढला होता, त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली,' सर्जनने लिहिलं होतं. 'तुमचेही आभार मानायला हवेत, असं त्यांनीच मला सांगितलं.'

ताईंनी ते पत्र चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं. मग मामांनी मागून घेऊन आणखी मोठ्याने वाचलं.

कोर्सच्या पहिल्या पानावर आता 'प्रश्नलेखन' या शब्दापुढे ताईंचं पूर्ण नाव आहे, त्याखाली नऊ जणांची नावं, आणि शेवटी, प्रशिक्षण अधिकाऱ्याच्या हट्टामुळे, 'परीक्षण: पाहुणे'.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळा, औषधांचं भांडार, धुलाई विभाग अशा ठिकाणच्या चाळीस जणांना प्रश्न कसे लिहायचे हे शिकवायला ताई सभागृहात उभ्या राहिल्या. माईक त्यांनी बाजूला सारला. त्या दिवशी चाळीस जणांनी मिळून एकशे बारा प्रश्न लिहिले. ताईंनी त्यांतले त्र्याण्णव खोडले आणि एकोणीस ठेवले, आणि ज्यांचे ठेवले ते जेवणाच्या सुट्टीत छाती काढून फिरत होते.