टीचर तेसची खुर्ची

तेस नऊ वर्षं माझ्या हाताखाली शिकवतेय. मूळची फिलिपिन्सची, बीएड झालेली, इंग्रजी लख्ख. थायलंडमधल्या आमच्या उदोनच्या शाळेतली पोरं तिच्यावर जीव टाकतात. पगार अठरा हजार बाथ. यंदा मे महिन्यात ऑस्ट्रेलियाहून डॅरिल आला. तेवीस वर्षांचा, उन्हाने लाल झालेला, जन्मात कधी फळ्यासमोर उभा न राहिलेला. त्याला पस्तीस हजार! आणि त्याचे पाठ लिहून देतं कोण? तेस.

शेवटी तिने अर्ज लिहिला. "पिकुनताई, मला त्याच्याएवढे नकोत. पंचवीस दिले तरी लेकीला इकडे आणीन. अकरा वर्षांची झाली हो, मला फक्त फोनवर ओळखते."

"आण इकडे. मी स्वतः साहेबांच्या हातात देते," मी छाती ठोकून सांगितलं. इंग्रजी विभागाची प्रमुख ना मी!

विचिअनसाहेब आमचे संचालक. अर्ज घेऊन त्यांच्यापुढे बसले, तर मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "पालक पैसे मोजतात ते गोऱ्या चेहऱ्यासाठी, पिकुन. तुझी तेस मात्र गुणाची. कधी कुरकुर नाही. बरं, तुझं काय काम होतं?"

"काही नाही सर, सहजच."

सहजच! दोन वर्षांत निवृत्त होणारी बाई मी, कशाला घाबरले? पण वरच्या माणसापुढे शब्द काढायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. अर्ज माझ्या खणात गेला. तेसने विचारलं की मी म्हणायची, "बघतायत गं."

मग जूनमधला गुरुवंदनाचा गुरुवार आला. मंचावर शिक्षकांच्या खुर्च्या मांडलेल्या, जाहिरातीसाठी फोटोवाला आलेला. साहेबांनी मला नुसती खूण केली आणि मी उठून तेसकडे गेले.

"आजच्या दिवस खाली बसशील का? डॅरिलला खुर्ची हवीय."

ती मंचावरून उतरली.

मुलं फुलांची तबकं घेऊन गुडघ्यांवर सरकत आली. पाचवीतली नामफोन तेसला शोधत मध्येच थांबली. साहेबांनी डॅरिलकडे बोट दाखवलं, तशी ती त्याच्यापुढे वाकली. तो बिचारा गांगरला, तिच्याशी हात मिळवायला गेला. मंचाखालून तेस हळूच म्हणाली, "फुलं दोन्ही हातांनी घे. हां. आता दोन चांगले शब्द बोल तिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दरवर्षी या दिवशी, पोरं वर्गात गेली की तेस माझा हात धरून आपल्या कपाळाला लावते. फिलिपिन्समध्ये वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. या वर्षीही ती आली. हात हातात घेतला, पण कपाळाला लावला नाही.

"ताई, खरं सांगा. साहेबांनी अर्ज वाचला तरी का?"

'बघतायत' अगदी ओठांवर आलं होतं. कसंबसं गिळलं.

"अर्ज माझ्याच खणात आहे, तेस. मी दिलाच नाही."

तिने माझा हात सोडला. दोन पावलं मागे सरली आणि मान खाली घालून हात जोडले, साहेबांना जोडते तसे.

"थँक्यू, मॅडम."

नऊ वर्षांत तिने मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. ती वर्गाकडे निघून गेली आणि माझा हात तसाच पुढे राहिला.