आल्गोतनी न पाहिलेला गोल

निक्लास ओडवालला गोल केल्यावर नाचता येत नसे. स्वीडनच्या राष्ट्रीय संघातून तो पुष्कळ वर्षं सेंटर फॉरवर्ड खेळला, भल्याभल्या बचावपटूंच्या नाकावर टिच्चून त्यानं हेडर मारले. पण बॉल जाळ्यात गेला की हा गृहस्थ बँकेत चेक भरून निघाल्यासारखा मध्यरेषेकडे चालू लागायचा. बाकीचे गुडघ्यांवर घसरताहेत, शर्ट काढून फिरवताहेत, आणि हा आपला मोजे वर ओढतोय. स्वीडनच्या पेपरवाल्यांना ते भारी आवडायचं. मयूरालाही आवडलं होतं. ती पुण्याहून फिजिओथेरपी शिकायला सिडनीत आली, पीआर, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना, मिळवून ब्लॅकटाउनच्या एका क्लिनिकमध्ये लागली, आणि एक दिवस तिच्या टेबलावर हा उंच माणूस निकामी गुडघा घेऊन आडवा झाला. कारकिर्दीचे शेवटचे दोन मोसम तो सिडनीच्या एका क्लबाकडून खेळत होता. गुडघा काही फारसा सुधारला नाही, लग्न मात्र झालं.

उभ्या आयुष्यात निक्लास एकदाच नाचला, आणि तोही नको तिथे.

हे मयूराला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही तुकड्यातुकड्यांत. निक्लासचं गाव लिंगफोर्स. तळ्याकाठचं एवढंसं गाव, आणि गावापेक्षा जुना वाटावा असा फुटबॉल क्लब. त्याचे वडील आल्गोत त्या क्लबाचे किटमॅन, म्हणजे खेळाडूंचे कपडे धुणारे, बूट पुसणारे, मॅचला बाटल्यांची पिशवी घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहणारे. निक्लास त्याच क्लबात वाढला आणि पंचविशीच्या आत मोठ्या शहरातल्या क्लबानं त्याला उचललं. पुढच्याच वर्षी मोसमाची शेवटची मॅच लिंगफोर्सला होती. हरले तर लिंगफोर्स खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होतं. फुटबॉलवाल्यांचा एक रिवाज आहे, तो कुठं लिहिलेला नाही पण सगळे पाळतात: आपल्या जुन्या क्लबाविरुद्ध गोल केलास तर आनंद करायचा नाही, मान खाली घालून परत फिरायचं. निक्लासनं शेवटच्या मिनिटांत गोल केला, लिंगफोर्स बुडालं, आणि हा धावत सुटला तो थेट गावकऱ्यांच्या स्टँडपुढे. ओठांवर बोट ठेवून त्यांना म्हणाला, गप्प! मग छातीवरचं नव्या क्लबाचं चिन्ह मुठीत धरून चुंबलं. मॅचभर त्यांनी त्याला गद्दार म्हणून शिट्ट्या मारल्या होत्या, हे खरं. पण शिट्ट्या मारणाऱ्यांत त्याचे शाळेचे मास्तरही होते, आणि कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ वडिलांचा पिवळा रेनकोट त्याला स्पष्ट दिसला होता.

त्या दिवशी तो वडिलांना न भेटता बसमध्ये बसला. नंतर फोन झाले ते हवापाण्याचे. भेटी झाल्या त्या कुणाच्या तरी लग्नात, मयतात, उभ्याउभ्या. मग तो दूरदूरच्या देशांत खेळत गेला आणि शेवटी ऑस्ट्रेलियात येऊन टेकला, म्हणजे पृथ्वीवर त्याहून लांब जायला जागाच उरली नाही.

आणि मयूरानं काय केलं? दर डिसेंबरला पुण्याची तिकिटं काढली. "या वर्षी तुझ्या बाबांकडे जाऊ या का?" असं ती तोंडदेखलं विचारायची. तो म्हणायचा, "नेक्स्ट इयर. तुझे आईबाबा वाट बघतात." तिची आई चित्रलेखा तर मैत्रिणींना सांगत सुटायची की जावई असावा तर असा, दरवर्षी येतो, मांडी घालून बसता येत नाही तरी बसतो. मयूराची छाती फुगायची. माणूस आपल्या घरी इतक्या आनंदानं का येतो, हे तिनं कधी विचारलं नाही. सोयीच्या गोष्टींची चौकशी कोण करतं!

मग ती महामारी आली. निक्लास शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल शिकवायचा, त्या शाळा बंद झाल्या. सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या घरात तो दिवसभर बॅकयार्डकडे तोंड करून बसू लागला. स्वीडनमधल्या वृद्धाश्रमांतल्या मृत्यूंच्या बातम्या यायच्या तेव्हा उठून आत जायचा. आल्गोत आता चौऱ्याऐंशीचे होते आणि फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. इथल्या सरकारनं तर नागरिक आणि पीआरवाल्यांना देशाबाहेर पडायलाच बंदी केली होती. मयूरा दर रविवारी सासऱ्यांना फोन करायची. तिचं स्वीडिश मोडकंतोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून मोडकं, तरी दोघांचं छान जमायचं. फोन ठेवताना ते दर वेळी विचारायचे, "तो बरा आहे ना?"

मे महिन्यात लिंगफोर्स क्लबाचा मेल आला. सामने बंद होते, म्हणून क्लब जुन्या मॅच ऑनलाइन दाखवत होता, जुने खेळाडू झूमवर बसून गप्पा मारत. या खेपेला त्यांना तीच मॅच दाखवायची होती. इतक्या वर्षांनी राग कसला, निक्लास येईल का?

"नाही," निक्लास म्हणाला.

"अरे, का नाही? उलट बरं आहे. एकदाचं सॉरी म्हणून टाक ना! बाबांनाही बोलावू या."

"बाबा ती मॅच बघत नाहीत, मयूरा. घरात तिचं नावसुद्धा काढत नाहीत."

"मग तेच तर! तुम्ही लोक बोलत नाही म्हणून गोष्टी कुजतात."

मयूराच्या माहेरी भांडण झालं की जेवणाच्या टेबलावर आरडाओरडा व्हायचा, कुणीतरी रडायचं आणि मग चहा. बोललं की मिटतं यावर तिचा असा विश्वास होता, जसा काही लोकांचा देवावर असतो. तिनं निक्लासला आठवडाभर भुणभुण लावून तयार केलं. सासऱ्यांना बोलवायचं मात्र त्याला न सांगता ठरवलं. ते आधी कांकू करत होते. "तू म्हणतेस तर बघतो," असं शेवटी म्हणाले.

मयूरानं क्लबाला तसं कळवलं, तेव्हा तिथली सेक्रेटरी ब्रिट, तिनं मयूराला एक मेल पाठवला. आल्गोतना बोलावणं योग्य होईल का, याचा तुम्ही विचार केलाच असेल, असं त्यात अगदी सौम्यपणे लिहिलं होतं. मयूरानं उत्तर ठोकलं: नो वरीज, सरप्राइज आहे! ब्रिटनं पुन्हा लिहिलं, की गावात काहींना जरा काळजी वाटते. मयूराला वाटलं, बापलेकांच्या अबोल्याची काळजी. तिनं एक हसरा चेहरा पाठवून दिला. पुण्याच्या बाईला आडून सांगितलेलं कळत नाही, आणि लिंगफोर्सच्या बाईला सरळ सांगता येत नाही. दोघींनी मिळून घात केला.

रविवारची इथली संध्याकाळ, तिथली सकाळ. लॅपटॉपवर वीसेक चौकोन उघडले. एकेकाळचे दांडगट खेळाडू, आता टकले, पोट सुटलेले. निक्लास अवघडून हसत होता. तेवढ्यात एका चौकोनात आल्गोत दिसले, टाय बांधलेले. निक्लासनं झटकन मयूराकडे पाहिलं. तिनं टेबलाखाली त्याचा हात दाबला.

मॅच सुरू झाली. आल्गोत खुशीत होते. सगळ्यांच्या वरताण आवाजात त्यांनी सांगितलं, "मी ही मॅच आज पहिल्यांदा बघतोय. त्या दिवशी मी बाहेर आलोच नव्हतो. कपडे वाळवायच्या खोलीत बसून होतो. एकीकडे क्लब, एकीकडे पोरगा, कुणासाठी ओरडणार? पण पुढं काय होतं ते ठाऊक आहे. शेवटी बघा, माझा पोरगा मान खाली घालतो. बघाच तुम्ही."

भिंतीवर टांगलेली एक चौकट काढून त्यांनी ती कॅमेऱ्यापुढे धरली. गावच्या पेपरातलं कात्रण होतं: निक्लास ओडवाल, जुन्या क्लबासमोर नतमस्तक. फोटोत निक्लास खाली वाकलेला होता. मयूरानं डोळे बारीक करून पाहिलं. तो बुटाची लेस बांधत होता.

तेव्हा तिला उमगलं. सगळ्या गावानं मिळून एका म्हाताऱ्याशी खोटं बोलून ठेवलं होतं. ज्यांनी शिट्ट्या मारल्या, ज्यांना त्यानं गप्प म्हटलं, त्याच लोकांनी घरी जाऊन आल्गोतना सांगितलं होतं, की पोरानं तुझं नाव राखलं. आणि इतकी वर्षं कुणीही तोंड उघडलं नव्हतं.

"बंद कर," निक्लास पुटपुटला. "मयूरा, प्लीज, काहीतरी कर."

काय करणार होती? लॅपटॉप मिटला असता तर तो फक्त क्वेकर्स हिलमध्ये मिटला असता. उजवीकडून क्रॉस आला, निक्लास उडाला, बॉल जाळ्यात गेला. तरुण निक्लास धावत स्टँडपुढे आला. ओठांवर बोट. छातीवरचं चिन्ह. कॅमेऱ्यानं त्याचा चेहरा जवळून दाखवला आणि तो चेहरा इतका आनंदी होता, की मयूरानं नवऱ्याचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता.

आल्गोतनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं," ते म्हणाले. ब्रिट रडत होती. एकेक चौकोन हळूच मिटत गेला. दुसऱ्याच्या घरात भांडण निघालं की माणसं चपला घालून निघतात, तसे सगळे निघाले. शेवटी बापलेकच उरले.

"म्हणून तू येत नव्हतास?" आल्गोतनी विचारलं.

"हो. तुमचा रेनकोट दिसला होता मला. झेंड्यापाशी."

"तो मी बसच्या ड्रायव्हरला घालायला दिला होता. पाऊस होता." त्यांनी टायची गाठ सैल केली. "मला वाटलं, मी भेटायला बाहेर आलो नाही, ते तुला लागलं. पोरगा मान खाली घालून आपल्याला शोधत आला असेल, आणि आपण खोलीत लपलो. तुला काय तोंड दाखवणार, म्हणून मीही कधी ये म्हणालो नाही. मग ते पुण्याचे फोटो यायचे. म्हटलं, त्याला तिकडे घर मिळालंय, बरं झालं."

मयूराला वाटलं, उठून कुठेतरी निघून जावं. पण ती बसून राहिली. आज तिनंच सगळ्यांना इथं बसवलं होतं.

"बाबा, मला माफ करा," निक्लास म्हणाला. बोलला एकदाचा. आणि काहीही मिटलं नाही.

"इथं नको," आल्गोत म्हणाले. "या डब्यात नको. घरी ये. माझ्यासमोर बस आणि सांग. मलाही तुला सांगायचंय."

"येतो," निक्लास म्हणाला. वर्षानुवर्षं विमानं जात होती, येत होती, तेव्हा हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

"केव्हा?"

निक्लासनं मयूराकडे पाहिलं. तारखा, तिकिटं, बॅगा, सगळं तीच बघायची. तिच्याकडे सांगायला तारीख नव्हती. पलीकडे म्हाताऱ्यानं खुर्ची ओढली, कान स्क्रीनपाशी आणला आणि आवाज पोचला नसेल असं समजून पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं:

"केव्हा येतोस?"