वळणावरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शिसवी नाही, नक्षीदार नाही, साध्याच लाकडाचा. तीन माणसे माझ्यावर ऐसपैस बसतात. चौथे बसले की मी कुरकुरतो. आज मी ज्या घरात आहे तिथे माझ्यावर सहसा कुणी बसत नाही. पण एक घर असे होते, जिथे एक बाई रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नसे. त्या घराची आणि त्या बाईची ही गोष्ट.

माझ्या आधी माझी जागा जन्मली. काका आणि काकू तेव्हा नुकतेच त्या घरात राहायला आले होते. शेजारीपाजारी त्यांना याच नावांनी हाक मारत, म्हणून मीही तसेच म्हणतो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे चिंचोळी गॅलरी. लोक आधी सामान आणतात आणि मग ते कुठे कोंबायचे यावरून भांडतात. या दोघांनी आधी खडू आणला. काकू रिकाम्या खोलीत उकिडव्या बसून फरशीवर रेघा मारायच्या. इथे पलंग, इथे कपाट, इथे टेबल. मग दोघे त्या रेघांमधून चालून बघायचे. काका नसलेल्या टेबलाला ठेचकाळल्याचे सोंग करायचे. काकू हसत हसत रेघ पुसून पलीकडे ओढायच्या.

बैठकीची खोली जिथे स्वयंपाकघराकडे वळते, तिथे एक लांबट चौकोन उरला. सुतार माप घ्यायला आला आणि डोके खाजवत उभा राहिला.

"अहो, लोक आधी लाकूड बघतात, मग जागा. तुमचं सगळंच उलटं!"

"लाकूड तुमच्या पसंतीचं घ्या," काकू म्हणाल्या. "पण या रेघेबाहेर बोटभरही येऊ देऊ नका."

असा मी जन्मलो. रेघेबाहेर मी आलो नाही.

काकू कापडाच्या दुकानात पडद्यांच्या विभागात कामाला होत्या. गिऱ्हाईक नुसते घराचे वर्णन करायचे आणि काकू ठाण काढून पुढे टाकायच्या. तो रंग चुकत नसे. स्वतःच्या घरातही त्यांनी घाई केली नाही. भिंती फिकट पिवळ्या, पडदे विटकरी, माझी गादी गडद निळी. एकेक वस्तू आली ती आधीच्या वस्तूंना विचारून आल्यासारखी आली. कुणी आले की दारातच म्हणायचे, "तुमच्याकडे आलं की बरं वाटतं हो." का बरे वाटते, ते त्यांना सांगता यायचे नाही. मला मात्र कळायचे, आणि माझी छाती फुगायची. बाकाला छाती नसते हे मला ठाऊक आहे, पण फुगायची खरी.

त्यांना एकच लेक. काका तिला चिमणी म्हणायचे. माझ्या निळ्या गादीवर पालथी पडून ती चित्रे रंगवायची आणि आईला विचारायची, "याच्याशेजारी कुठला रंग देऊ?" पुढे तिने घरे सजवण्याचेच शिक्षण घेतले, तोच व्यवसाय केला आणि लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. मग काका गेले. घरात काकू आणि आम्ही वस्तू एवढेच उरलो.

त्यानंतर काकूंची नजर अधू होऊ लागली. आधी सुईत दोरा जाईना. मग पेपर सुटला. मग समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसेना, नुसता आवाज ओळखू येई. डॉक्टरांनी सांगितले की यावर इलाज नाही. उरली आहे तेवढी नजरही हळूहळू जाईल. त्या दिवशी काकू घरी आल्या, चपला न काढताच माझ्यावर बसल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "चिमणीला कळलं की ती मला उचलून घेऊन जाईल. तिच्या घरी मी पाहुणी. इथे निदान मालकीण आहे."

 

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी घर पुन्हा सजवायला घेतले, या वेळी हातांसाठी आणि पायांसाठी. विजेच्या पांढऱ्या बटणांभोवती काळी पट्टी चिकटवली. काळ्या टेबलावर भडक लाल कापड घातले. स्वयंपाकघराच्या दाराशी खरखरीत काथ्याचे पायपुसणे, न्हाणीघराशी मऊ. खुर्च्यांच्या पाठींना जाड लोकरीचे गोंडे बांधले. आणि माझे काम सगळ्यात मोठे. बैठकीतून सरळ यायचे, माझ्या पाठीवर हात टेकायचा, पाठ संपली की वळायचे. काकू इतक्या सहज वळायच्या की पाहणाऱ्याला वाटावे, त्या माझ्यावरची धूळ पुसत आहेत.

चिमणी महिन्यातून एक-दोनदा यायची. घराचे ते रूप पाहून तिला कसेसेच व्हायचे.

"आई, हे काय केलंयस? कशाचा कशाला मेळ नाही! तू रंगांची एवढी पारखी, तुझी नजर गेली कुठे?"

काकू हसल्या. "वय झालं ग. म्हातारपणी आवड बदलते."

मित्रांनो, ते हसू मी जवळून पाहिले आहे. लाकडाला बोलता आले असते, तर मी त्याच क्षणी बोललो असतो.

मग काकूंच्या पोटात दुखू लागले. पित्ताचे खडे निघाले. शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना बरेच दिवस दवाखान्यात राहावे लागले. सारखे पडून असल्याने त्यांच्या डोळ्यांचे तिथेही चिमणीच्या ध्यानात आले नाही. चिमणी दवाखान्यातून थेट आमच्या घरी यायची आणि रिकाम्या खोलीत उभी राहून विचार करायची. एके दिवशी ती रंगाऱ्याला घेऊनच आली.

"आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे पडदे निवडत राहिली," ती त्याला म्हणाली. "तिचं स्वतःचं घर एकदा तरी मासिकातल्यासारखं झालं पाहिजे."

तिच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. तिने जीव ओतला. भिंती पांढऱ्या झाल्या. पडदे पांढरट, सोफा पांढरट, गालिचाही त्याच छटेचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा. लाल कापड गेले, गोंडे गेले, पायपुसणी गेली. वळणाजवळ काचेचा टीपॉय आला. मी अंगाने थोराड, रंगाने काळपट. मला दोघांनी उचलून गॅलरीत नेऊन ठेवले. भंगारवाला येईपर्यंत माझा मुक्काम तिथे होता.

गॅलरीच्या दारातून मला खोली दिसत होती. खोली सुंदर दिसत होती. खोटे कशाला बोलू?

काकू घरी आल्या. चिमणीने त्यांना दारातच थांबवले.

"डोळे मीट हं आई. मीटलेस? आता हळूच पुढे ये. आता उघड!"

काकूंनी डोळे उघडले. आधी कुठेतरी लाल डाग, कुठेतरी निळा पट्टा एवढे तरी त्यांना जाणवायचे. आता समोर नुसते धुके होते. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"कसं वाटतंय?"

"सुंदर," काकू म्हणाल्या.

"आणि सोफा?"

"छान उठून दिसतोय."

"उठून?" चिमणी हसली. "अगं, तो भिंतीत मिसळून जावा म्हणून तर मी दहा दुकानं पालथी घातली!"

"हो हो, तेच म्हणायचं होतं मला. तू बस, दमली असशील. मी चहा टाकते."

"आई, अजून टाके ओले आहेत तुझे. मी करते ना."

"माझ्या घरात चहा मीच करणार," असे म्हणून काकू निघाल्या. सरावाने सरळ चालल्या. सरावानेच त्यांनी हात पुढे केला. तो हात मला अजून दिसतो. बोटे थोडी वाकलेली, माझ्या पाठीसाठी तयार. तिथे हवा होती. हात खाली गेला, त्यामागे तोल गेला, काचेच्या टीपॉयवर गुडघा आदळला आणि काकू खाली कोसळल्या.

"आई! अगं समोर टीपॉय होता. दिसला नाही तुला?"

"नाही ग," पडल्या पडल्याच काकू म्हणाल्या. "मला बरेच दिवस दिसत नाही."

चिमणीने एकवार खोलीभर पाहिले. मग तिने तोंडावर हात दाबून धरला.

खुब्याचे हाड मोडले होते. दवाखान्यातून काकू परत आल्याच नाहीत, थेट लेकीच्या घरी गेल्या. ज्याला त्या भीत होत्या, तेच झाले. ते पांढरे घर कुलपात पडले. मी गॅलरीत उन्हाने तडकलो, पावसाने फुगलो, माझा एक पाय मोडला. माझी निळी गादी कुजली. भंगारवाल्याला बोलवायचे कुणाला सुचलेच नाही.

पुढे घर विकायचे ठरले, तेव्हा चिमणी सामान हलवायला आली. सगळ्यात शेवटी तिने गॅलरीचे दार उघडले आणि मला पाहिले. ती माझ्यावर बसली. मी कुरकुरलो. ती बराच वेळ रडली, आवाज न करता. मग तिने मला स्वतःच्या घरी नेले. सुताराकडून माझा मोडका पाय बसवून घेतला, नवी गादी शिवली, रंगही तोच निळा शोधून आणला.

काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पडल्यापासून त्यांनी चालायची हायच खाल्ली होती. कुणी दोन्ही हात धरले तरच त्या उठत. चिमणीने मला त्यांच्याजवळ आणले आणि त्यांचा तळवा माझ्या पाठीवर ठेवला. काकूंनी हात फिरवला आणि मला ओळखले. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलले.

"आई," चिमणी म्हणाली, "हा कुठे ठेवू? तू सांग. तू म्हणशील तसं सगळं घर हलवते."

इतक्या वर्षांत काकूंना असे कुणी विचारले नव्हते. मी कान टवकारले. काकूंनी हात हळूच काढून मांडीवर घेतला.

"घर तुझं आहे, बाळा," त्या म्हणाल्या. "तुला शोभेल तिथे ठेव."

मित्रांनो, तेव्हापासून मी इथे भिंतीला लागून उभा आहे. चिमणी रोज माझी धूळ पुसते. घर सजवण्याची हौस वाईट नाही. ती नसती, तर मी जन्मलोच नसतो. पण आपल्या माणसाच्या खोलीतली एखादी विजोड, विटकी वस्तू हलवण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि ती तिथे का आहे ते विचारा. आणि वेळेवर विचारा. माझ्यावर बसायला अजूनही तिघांपुरती जागा आहे.