रेघेखालची खोली

नगररचना खात्याच्या विधी शाखेत एकच खिडकी होती आणि ती वकीलबाईंच्या टेबलामागे होती. त्यामुळे उजेड सगळ्यांना मिळायचा आणि ऊन फक्त त्यांना. सोळा वर्षं पाठ भाजून घेत त्या खात्याच्या वतीनं उत्तरं लिहीत होत्या. काम तसं सरळ. कोणीतरी फार पूर्वी नकाशावर रस्ता काढून ठेवलेला असतो. तो एके दिवशी खरोखर रुंद करायला घेतात, कोणाच्या तरी दारात येतो, तो माणूस हरकत घेतो, आणि मग 'मंजूर नकाशाप्रमाणे' हे दोन शब्द निरनिराळ्या वाक्यांत बसवून त्याला उत्तर द्यायचं. बाईंचा त्यात हात इतका बसला होता की एकीकडे चहा घेत त्या तीन हरकती निकालात काढत.

ही हरकत मात्र टेबलावर चार दिवस पडून राहिली. हरकत घेणारी बाई शाळांचे युनिफॉर्म शिवणारी होती. तिनं अर्जासोबत आपल्या खोलीचा कच्चा नकाशा जोडला होता, वहीच्या पानावर काढलेला, आणि सगळी मापं इंचात. दाराची रुंदी चौतीस इंच, मशीन ते भिंत एकवीस इंच. वकीलबाईंना हसू आलं. फूट-मीटरवरून डोकी फोडणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण खोलीला झग्यासारखं मापणारी ही पहिलीच. गुरुवारी सुनावणी होती. जागा बघायला जायची वकिलाला काही गरज नसते, तरी सोमवारी दुपारी त्या गेल्या.

खोली रस्त्याला लागूनच होती. एक पायरी, मग दार, मग मशीन, मशीनमागे भिंत, आणि भिंतीवर मोजणीदारानं मारलेली लाल रंगाची फुली. त्या फुलीपर्यंत रस्ता. फुलीच्या पलीकडे स्वयंपाकाची आणि झोपायची जागा, ती राहणार होती. म्हणजे घर राहणार, धंदा जाणार. शिवणारीण साठीच्या आसपासची, गळ्यात टेप, तोंडात टाचणी.

"बसा मॅडम," ती टाचणी काढून म्हणाली. "तुम्ही खात्याच्याच ना? मग भांडण नको, मला फक्त दाखवा. तुमच्या कागदावर माझी खोली कुठंय?"

वकीलबाईंनी नकाशाची प्रत मशीनवर पसरली. रस्त्याच्या कडेची काळी रेघ दाखवली. "मावशी, ही रस्त्याची हद्द."

"ते कळलं. खोली कुठंय?"

"ती... ह्या रेघेखाली आहे."

"अख्खी?"

"पायरीसकट."

शिवणारणीनं चष्मा कपाळावर नेला आणि नाक नकाशाला टेकेपर्यंत वाकली. मग म्हणाली, "मॅडम, आम्ही कापडावर खडूनं रेघ मारतो. खडू बोथट असला की रेघ जाड येते. मग कात्री रेघेच्या आतून चालवायची की बाहेरून, हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर दोन्ही खांदे मिळून इंचभर सदरा घट्ट होतो, आणि पोरगं शाळेत जाऊन रडतं. तुमच्याकडे कोण ठरवतं?"

वकीलबाईंनी सोळा वर्षांत पुष्कळ नामांकित वकिलांचे युक्तिवाद ऐकले होते. त्यातल्या एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता. खात्याचा नियम होता, रेघेची बाहेरची, म्हणजे घरांकडची कड धरायची. कारण रेघ नेहमी इतकी बारीक असायची की कुठलीही कड धरली तरी फरक एखाद्या पायरीचा.

"बघते," एवढंच त्या म्हणाल्या. हे त्या सगळ्यांनाच म्हणत, पण ह्या वेळी खरंच बघायचं ठरवून म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी त्यांनी अभिलेख कक्षातून मंजूर नकाशा काढून घेतला आणि भिंगाखाली धरला. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. रेघ अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड भरली. जमिनीवर तिचे नऊ फूट होत होते. नऊ फुटांत शिवणारणीची पायरी बसत होती, मशीन बसत होतं आणि टाचण्यांच्या डब्यासकट ती स्वतःही बसत होती.

नकाशाच्या कोपऱ्यात शिक्का होता: मूळ नकाशा वाळवीनं खराब झाल्यानं ही मुळाबरहुकूम नक्कल. तारीख वीस वर्षांपूर्वीची. खाली आरेखकाची आद्याक्षरं. ती वाचायची वकीलबाईंना गरज नव्हती. लहानपणी प्रगतिपुस्तकाच्या खाली त्यांनी तीच आद्याक्षरं दर महिन्याला पाहिली होती. वडिलांची.

त्यांनी भिंग पुसून पुन्हा रेघेवर धरलं. एक तर वडिलांची सही समोर आली म्हणून, आणि दुसरं म्हणजे ही रेघ वडिलांची असणं शक्यच नव्हतं म्हणून. ह्याच खात्यात त्यांना सगळे 'सुई' म्हणत. सुईसारखी रेघ काढायचा माणूस. अजून कोणी जुना शिपाई भेटला की म्हणायचा, "सुईंची मुलगी ना तुम्ही? काय रेघ होती हो!" अशा माणसानं एवढी जाड रेघ काढून खाली आद्याक्षरं घातली?

त्या अभिलेख कक्षात परत गेल्या. निवृत्तीआधीच्या शेवटच्या दोन वर्षांत वडिलांनी बारा नकाशांच्या नकला केल्या होत्या. बाराही जाड. त्याआधीची प्रत्येक रेघ बारीक.

संध्याकाळी त्या आईवडिलांकडे गेल्या. वडील खिडकीपाशी खुर्चीत, रेडिओ हळू लावलेला. निवृत्तीनंतर त्यांची नजर गेली होती, म्हणजे उजेड आणि आकार कळायचे, बाकी नाही. घरात सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

"बाबा, नकला करताना तुम्ही कुठलं निब वापरायचात?"

"बारीक. सगळ्यात बारीक. का?"

वकीलबाईंनी सांगितलं. खोली, पायरी, फुली, नऊ फूट. वडिलांची मान ताठ झाली.

"माझी रेघ चुकत नाही," ते म्हणाले. "मोजणीदार गाढव असेल. मोजणीची साखळी पुढून धरली असेल."

"मी भिंगाखाली धरून बघितलं, बाबा."

"मग भिंग बघून घे."

एरवी इथे विषय संपला असता. त्या घरात वडिलांच्या रेघेबद्दल कोणी बोलत नसे. पण आई भाजीची परात घेऊन आत आली होती आणि दारातच उभी राहिली.

"सांगा की आता तिला," आई म्हणाली.

"काय सांगायचं?"

"बरं, मी सांगते. अगं, शेवटची दोन वर्षं मी ह्यांना ऑफिसच्या फाटकापर्यंत सोडायला जायचे, आठवतं?"

वकीलबाईंना चांगलं आठवत होतं. त्या तेव्हा लॉ कॉलेजात होत्या. रोज सकाळी आई पदर सावरून वडिलांच्या हाताला धरून निघायची, आणि वकीलबाई खिडकीतून ओरडायच्या, "म्हातारपणी प्रेम उतू चाललंय हं!" आई हसायची. वडील वळून बघत नसत. का ते आता कळलं. वळून बघितलं असतं तरी त्यांना खिडकी दिसली नसती. स्वतःच्या त्या ओरडण्याची वकीलबाईंना इतकी लाज वाटली की क्षणभर त्या वडिलांकडे बघू शकल्या नाहीत.

"बारीक निबाची रेघ मला दिसेनाशी झाली होती," वडील म्हणाले. रेडिओ त्यांनी स्वतःच बंद केला. "कुणाला सांगितलं असतं तर आवक-जावकच्या टेबलावर बसवलं असतं. तीस वर्षं पेन धरलं आणि मग पाकिटं चिकटवायची? म्हटलं, दोन वर्षं तर काढायची आहेत. जाड निब घेतलं. नक्कलच तर होती. रस्ते कुठं लगेच होतात."

"रेघ कुठल्या बाजूला जाड झाली असेल, सांगता येईल?"

"न येऊन काय होतंय? पट्टी मी कायम रस्त्याच्या बाजूला ठेवायचो, जुन्या रेघेच्या कडेला बोट लावून. शाईचा तेवढा उंचवटा बोटाला कळायचा. म्हणजे रस्त्याकडची कड बरोबर. जाडी सगळी घरांवर गेली."

हे त्यांनी शिकवल्यासारखं खणखणीत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर काय सांगितलं ते त्यांना उमगलं असावं.

बुधवारी वकीलबाईंनी विधी शाखेच्या साहेबांना सगळं सांगितलं आणि फाईल त्यांच्या टेबलावर ठेवली. "वडील साक्षीदार होतात, तेव्हा हे प्रकरण मला चालवता येणार नाही."

साहेब वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला निवृत्तीपर्यंत शांतता हवी होती, जी कोणाला नको असते?

"वकीलबाई, ह्या एका खोलीसाठी बारा नकाशे उघडायचे? उद्या रांग लागेल इथं."

"लागू दे. त्यांच्याही खोल्या असतील रेघेखाली."

"आणि सुईंचं नाव? बारा नकाशांवर खात्यात चर्चा होईल. अजून लोक त्यांचं उदाहरण देतात." साहेबानं फाईलची नाडी सोडली आणि परत बांधली. "हे बघा, तोंडी सांगण्याला आपल्याकडे किंमत नाही. त्यांनी शपथेवर लिहून दिलं तर मी रस्त्याकडच्या कडेपासून बारीक रेघ धरायला सांगतो. मग पायरी जाईल, खोली राहील. नाही दिलं तर नक्कल मुळाबरहुकूम आहे, आणि फुली तिथंच राहील. तुम्ही त्यांना भरीला घालू नका. त्यांचं त्यांना ठरवू द्या."

तो सल्ला बरोबर होता. म्हणूनच वकीलबाईंना तो फार जड गेला. सोळा वर्षं त्यांनी अनोळखी माणसांना 'आपलं म्हणणं लेखी द्या' म्हणून सांगितलं होतं. बापाला सांगायचं तर जीभ उचलेना.

त्या दिवशी दुपारीच अर्धी रजा टाकून त्या घरी गेल्या आणि साहेबाचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. वर एक शब्द घातला नाही. वडिलांनी ऐकून घेतलं.

"नऊ फूट म्हणालीस?"

"पायरी धरून."

ते उठले. पाठ भिंतीला लावली आणि पावलाला पाऊल जोडत खोलीतून चालायला लागले, ओठांतल्या ओठांत मोजत. नऊ पावलं झाली तेव्हा त्यांचा हात पलंगाच्या पलीकडे, कपाटाला लागला होता. ते तिथेच वळून उभे राहिले.

"एवढी?"

"साधारण एवढीच."

"आणि ती बाई ह्यात बसून शिवते."

"तीस वर्षं झाली, बाबा. तुमच्याएवढीच."

वडिलांनी कपाटावर तळहात ठेवला. "तीस वर्षांत मी एकाही माणसाच्या घरावर रेघ ओढली नाही असं समजत होतो," ते म्हणाले. "चहा ठेवायला सांग आईला. आणि उद्या लवकर ये."

गुरुवारी सकाळी आईनंच त्यांना फाटकापर्यंत आणलं, आणि ह्या वेळी आतपर्यंत. हाताला धरून, पूर्वीसारखं. शिवणारीण सुनावणीसाठी आधीच येऊन बाकावर बसली होती. मुलीनं "बाबा, ह्याच त्या" म्हटल्यावर वडिलांनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले. ती त्यांच्या कोटाकडे बघत म्हणाली, "कोटाचं दुसरं बटण सैल झालंय तुमचं. जाताना द्या, लावून देते."

साहेबानं निवेदन वाचून दाखवलं. 'त्या काळात माझी दृष्टी अधू झाली होती व ही बाब मी कार्यालयापासून लपवली' ह्या वाक्याशी तो जरा अडखळला. वडील म्हणाले, "वाचा, वाचा. बरोबर आहे."

सहीच्या जागी छापलेली बारीक टिंबांची रेघ होती. वकीलबाईंनी वडिलांचं बोट तिथं टेकवलं. त्यांनी सही केली, तशीच वळणदार, आणि डोकं वर केलं.

"रेघेवर बसली ना?"

साहेब खिडकीकडे बघायला लागला. आईनं मुलीला डोळ्यानं खुणावलं, हो म्हण. सही टिंबांच्या बोटभर खाली, कोऱ्या जागेत गेली होती. कायद्यानं तिला काहीही होणार नव्हतं.

"नाही बाबा," वकीलबाई म्हणाल्या. "खाली गेलीय. पण चालेल."

"चालेल म्हणजे काय?" वडील म्हणाले. "हेच तर लिहून देतोय ना मी, की चालवून घेतलं म्हणून? दुसरा कागद काढ. आणि रेघ अशी काढ की मला दिसेल."

वकीलबाईंनी दुसरी प्रत काढली. साहेबानं आपल्या खणातून काळा मार्कर दिला, आणि पट्टी. वकीलबाईंनी पट्टी कागदावर ठेवली, उचलली आणि पुन्हा ठेवली. एवढ्या वर्षांत वडिलांसमोर त्यांनी कधी रेघ काढली नव्हती.

"पट्टी वरच्या बाजूला ठेव," वडील म्हणाले. "जाडी सगळी खाली जाऊ दे. खाली कुणी राहत नाही ना?"

"नाही बाबा. खाली कोराच आहे."

"मग ओढ."