कोरडे हात

कुलसुमने पदराला हात पुसले. मग पदराची कोरडी बाजू धरून पुन्हा पुसले. पडद्यापलीकडे, बाहेरच्या सोप्यात, तिच्या अब्बांचा आवाज चढला.

"आता आत हात पुसत असंल बघ. कोरड्या हाताबिगर बटणाला शिवायची न्हाय माझी पोरगी. ही शिस्त तुम्हा गड्यांच्यात कवा येणार?"

"व्हय की, सायेब," आकाराम म्हणाला. आज परीक्षा त्याची होती, आणि त्याचा आवाज सोप्याच्या पार टोकाकडून आला.

कुलसुमचे हात पुसले की पुन्हा ओले होत. घाम होता तो. ती हात पुसते एवढेच अब्बांना ठाऊक होते. कशाने ओले होतात ते त्यांनी विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते.

दरबारने शहरात वीज आणली तेव्हा नियमही आणला होता. परवाना नसलेल्या माणसाने कुणाच्या घरात तार ओढायची नाही. परवाना हवा तर जाणत्याच्या हाताखाली काम केलेले असावे, इन्स्पेक्टरच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, आणि एक दिवा स्वतः बसवून दाखवावा. तो दिवा कुठे बसवायचा, हे नियमात नव्हते. ते तिच्या अब्बांनी, म्हणजे फक्रुद्दीन इन्स्पेक्टरांनी, ठरवले. ज्याच्या हाती माझं घर देववत नाही, त्याच्या हाती गावाची घरं कशी देऊ, असे ते म्हणत. उमेदवार त्यांच्या सरकारी बिऱ्हाडात येई, त्यांच्या लेकीच्या खोलीत दिवा बसवी, आणि बटण लेक दाबी. दिवा लागला की अब्बा सही करीत.

नवरा वारल्यावर कुलसुम कागलहून माहेरी आली ती विशीतच. तेव्हापासून हे चालले होते. गावात या रीतीचा मोठा बोलबाला झाला होता. सोयरीक जुळवताना वायरमनचे वडील पाहुण्यांना सांगत, पोराचा परवाना कुलसुमताईच्या हातचा आहे. ज्या बाईला या पडद्याबाहेर कुणी पाहिले नव्हते, तिचे नाव लग्नाच्या बैठकीत घेतले जाई.

नवा उमेदवार आला की आधीच्याचे काम उचकटून काढी आणि आपल्या लाकडी पट्ट्या ठोकी. भिंतीवर खिळ्यांची भोके पडत, ती चुन्याने बुजवली जात. त्या भिंतीखाली तिची बाज होती, उशाशी पुस्तकांची चळत होती. अब्बा वाचनालयातून पुस्तके आणून देत आणि ती चिमणीच्या उजेडात वाची. डोक्यावर विजेचा दिवा असताना लेक रॉकेलवर भागवते, याचे अब्बांना कौतुक होते. काटकसरी आहे म्हणत.

एकदाच ती ओरडली होती. गुंडू नावाच्या उमेदवाराचा दिवा होता. तिने बटण दाबले, लख्ख उजेड पडला, तिच्या तोंडून किंकाळी निघाली आणि त्याच क्षणी घरभर अंधार झाला. खरेच झटका बसला होता की ती नुसतीच दचकली होती, हे तिला त्या वेळीही सांगता आले नसते. कुणी विचारलेही नाही. गुंडूला परवाना मिळाला नाही. दोन-चार दिवस तो समोरच्या कट्ट्यावर येऊन बसला, मग राधानगरीला धरणाच्या कामावर पाट्या उचलायला गेला असे कानावर आले. त्यानंतर कुलसुमने पदराचा बोळा दातांत धरायची सवय लावून घेतली.

आजही तिने तो दातांत धरला. बोट पितळी बटणापाशी नेले. लांबून, शहराची वीज तयार करणाऱ्या इंजिनघराची धडधड येत होती. ती अडखळली, पुन्हा आली, आणि बंद पडली.

सोप्यात कुणीतरी श्वास सोडला.

"रुसलं इंजिन," अब्बा म्हणाले. "जा आता. उद्या लावू."

"सायेब, नाटकगृहाचं काम धरलंय मी. परवाना बघितल्याबिगर मालक आत घ्याचा न्हाय."

"मग? वीज काय तुझ्या सासऱ्याची हाय, सांगितली की याया? उद्या ये म्हनलं न्हवं."

अब्बांचा मदतनीस बाळासो मोठ्याने हसला. आकारामही हसला. कुलसुमने दातांतला पदर सोडवला. तो भिजला होता.

जेवताना अब्बा नेहमीपेक्षा निवांत होते. भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले,

"गावात इतकी घरं उजळली, पर एक माणूस विजेनं गेला न्हाय. का? तुझा हात हाय म्हणून. मला झोप लागती ती तुझ्या हातावर, पोरी."

"अब्बा," ती म्हणाली.

"काय?"

त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता की तिने नजर भांड्याकडे वळवली.

"कालवण वाढू?"

"वाढ की."

पहाटे अब्बा नमाजासाठी उठले आणि चौकात हातपाय धुऊन वजू करायला बसले, ते उठलेच नाहीत. ती धावत गेली तेव्हा बधना, त्यांचा वजूचा तोटीचा तांब्या, कलंडला होता आणि पाणी फरशीवरून मोरीकडे चालले होते. तिने त्यांचे हात हातात घेतले. कोपरापर्यंत ओले होते. ते पुसावेत की नाही, हे तिला कळेना.

अब्बांचा चाळिसावा झाला. आकारामचा दिवा तसाच तिच्या बाजेवर लोंबत राहिला. त्याची परीक्षा धड झाली नव्हती, धड मोडलीही नव्हती. ती रोज त्याच्याखाली निजत होती. बटणाकडे पाठ करून निजली तरी ते आहे हे पाठीला कळे.

मग बाळासो आला. नवा इन्स्पेक्टर म्हणून त्याची नेमणूक झाली होती. डोईवर नवा फेटा होता, पण पडद्यासमोर तो जुन्या सवयीने पायताण काढून उभा राहिला.

"ताई, कचेरीत बोलून आलोय. हे बिऱ्हाड सरकारी हाय, सायेब गेलं की सोडावं लागतंय. पर मी सांगितलं, त्यांची रीत मोडायची न्हाय. ताईंनी बटण दाबायचं, आमी सही करायची. वर मंजूर झालंय. तुमी जलमभर हितंच ऱ्हायचं."

बाळासोने फेटा सावरला.

"माझा परवाना तुमच्याच हातचा हाय, ताई. लोक म्हनत्यात, सायेब गेलं तरी हात हाय."

जन्मभर. कुलसुमने भिंतीकडे पाहिले. बुजवलेली भोके मोजण्यापलीकडची होती, आणि अजून कितीतरी भिंत कोरी होती. कागलच्या सासरी आता जागा नव्हती. चुलत भावाच्या घरी गगनबावड्याला गेली तर चुलीपुढे एक कोपरा मिळाला असता, पुस्तकाविना.

"आकारामला कधी आणणार?" तिने विचारले.

"आज सांजचंच. नाटकगृहवाला किती दीस थांबंल?"

संध्याकाळी दोघे आले. आकारामने तारेवरून एकदा हात फिरवला आणि सोप्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. इंजिनाची धडधड आज एकसारखी येत होती. पडद्याआड कुलसुमने हात पुसले. पदर उलटवून पुन्हा पुसले. बोळा दातांत धरला आणि बटणावर हात ठेवला.

"थांबा, ताई," बाळासो म्हणाला. "आधी मला मोठ्या खटक्यावर हात ठेवू द्या. दारापाशीचा, घरभरची वीज तोडायचा."

तिने बोळा काढला. "कशाला?"

"सायेब ठेवायचे की."

"कधी?"

"दर वेळंला. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?" बाळासोचा आवाज खाली आला. "तुमचं बटण वाजंपतूर हात खटक्यावर आन डोळं मिटल्यालं. गुंडूच्या वेळंला तुमी वरडला आन अंधार झाला, तवा दिवा गेला नव्हता, ताई. सायबांनी खटका वढला हुता. मी शेजारीच हुतो."

तिचे बोट बटणावरच होते.

"लई थरथरायचे ते. म्हणून तर समदं झालं की चौकात जाऊन तोंडावर पाणी मारत बसायचे."

ते पाणी तिने प्रत्येक वेळी ऐकले होते. संध्याकाळच्या नमाजाचे, मगरिबच्या वजूचे, असेच तिला वाटत आले होते.

"एकदा मी म्हनलं, सायेब, एवढा जीव जातोय तर ताईंस्नी कशाला लावता? तर म्हनाले, आता गावाला काय सांगू? आन तिला बोलू नगंस. ती भीत न्हाय. मला बघून भ्यायला लागंल."

कुलसुमने बटणावरचा हात खाली घेतला. पडदा बाजूला सारला आणि ती सोप्यात आली. बाळासोने खटक्यावरचा हात न काढता मान खाली घातली. आकारामला कुठे पाहावे ते कळेना.

"बटण मी दाबणार न्हाय," ती म्हणाली. "ज्यानं बसवलंय त्यानं दाबावं."

आकारामने तिच्या खोलीच्या दाराकडे पाहिले आणि धोतराला तळवे पुसले.

"ताई, पर मग कचेरीत मी काय सांगू? ह्या घराचं..."

"म्हाईत हाय मला."

ती त्यांच्यामधून चालत चौकाच्या उंबऱ्यापर्यंत गेली. मोरीपाशी बधना पालथा घातलेला होता. चाळीस दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. तिने चौकटीला हात टेकवला. हात ओला होता, आणि या वेळी तिने तो पुसला नाही.

"अब्बा," ती म्हणाली. दोघा पुरुषांना ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने म्हणाली. "मला भ्या वाटायचं. दर वेळंला वाटायचं."